ओळी सरळ करणारा प्रोग्राम

"नुसतं दाखवू नकोस पुष्कर, बोल की," दाणी सर म्हणाले. "मंडळी पार चिंचवडहून आलीत. हे केलंस कसं, ते तुझ्या तोंडून ऐकू दे त्यांना."

मी कीबोर्डवरून हात उचलले नाहीत. समोर पिंपळपारचं पहिलं पान उघडलं होतं. चौकट नीट, ओळी सरळ, प्रत्येक ओळीचं पहिलं अक्षर पिवळं आणि बाकीचा शब्द पांढरा. थोड्या वेळापूर्वी हेच पान वाकडंतिकडं होतं. माझ्यामागे सातआठ माणसं खुर्च्यांवर नि सतरंजीवर बसली होती. त्यांच्या हातात बटाटेवड्यांच्या बशा होत्या आणि सगळ्यांचे डोळे माझ्या पाठीवर होते.

"हं," मी म्हणालो. हं म्हणणं मला नेहमी जमायचं.

इंटरनेट घरोघरी यायच्या आधीची ही गोष्ट. त्या काळी पुण्यात काही हौशी लोक आपल्या घरातूनच बुलेटिन बोर्ड चालवायचे. एक कॉम्प्युटर, एक मॉडेम आणि जास्तीची टेलिफोन लाईन, एवढ्यावर भागायचं. आपण आपल्या कॉम्प्युटरवरून त्या नंबराला फोन लावायचा, मॉडेम शिट्ट्या मारून थांबला की पडद्यावर मेनू यायचा: गप्पा, बुद्धिबळ, प्रोग्राम, खरेदीविक्री. शब्द मराठी, लिपी रोमन. आपण निरोप लिहून ठेवायचे, दुसऱ्यांचे वाचायचे, भांडायचं, फाईली उतरवून घ्यायच्या आणि लाईन सोडायची. एका वेळी एकालाच आत जाता यायचं. बाकीच्यांना एंगेज टोन.

पिंपळपार हा रत्नाकर दाणींचा बोर्ड. सहकारनगरमधल्या त्यांच्या फ्लॅटच्या हॉलमध्ये, शोकेसच्या शेजारी तो चालायचा. ते एका कारखान्यात इंजिनिअर होते, चाळिशीला आलेले. बोर्डावर त्यांचा शब्द शेवटचा.

आणि मी बोलताना अडखळतो. लहानपणापासून. शब्द मला माहीत असतो, तो तोंडात तयार असतो, पण पहिल्या अक्षराशी दार बंद होतं. मग डोळे मिटतात, मान एका बाजूला झटके देते. सगळ्यात वाईट म्हणजे स्वतःचं नाव. त्याला दुसरा शब्द शोधता येत नाही. दुकानात मला पाव हवे असले तर मी टोस्ट मागायचो, पण पुष्करला मी दुसरं काय म्हणणार?

पिंपळपारवर मात्र मी बडबड्या होतो. चोवीस वर्षांच्या आयुष्यात जेवढं बोललो नसेन तेवढं मी तिथे सहासात महिन्यांत बोललो. बोकील नावाच्या एका सभासदाशी माझी बुद्धिबळावरून रोज जुंपायची. प्रोग्रामचा विभाग मी सांभाळायचो, लोक मला सल्ला विचारायचे. मी आत असलो की कधीकधी पडद्याचा खालचा अर्धा भाग एकदम मोकळा व्हायचा आणि तिथे दाणी सरांची अक्षरं उमटायची. ते स्वतः त्यांच्या हॉलमधून टाईप करत असायचे.

"काय पुष्करराव, आज कुणाला झोडपताय?"

मी काहीतरी तिखट उत्तर द्यायचो. ते लिहायचे, "बाबा रे, तुझ्या जिभेला हाड नाही." ते वाक्य मी आमच्या घरी सगळ्यांना दाखवलं होतं. आई हसली होती आणि मग उठून आत गेली होती.

सभासद होताना एक अडचण आली होती. नवा माणूस खरा आहे का, हे बघायला दाणी सर त्याला घरी फोन करायचे. तो फोन जयंतदादानं घेतला, माझ्या थोरल्या भावानं. "हो सर, मीच पुष्कर सबनीस," असं त्यानं आपल्या भरदार आवाजात सांगून टाकलं. दोन मिनिटांचं काम. त्यात काही खोटं आहे असं आम्हा दोघांनाही वाटलं नाही. दादा लहानपणापासून माझ्या वतीनं बोलत आला होता.

मग तो प्रोग्राम. बोर्डावर चाळीसेक मेनू होते आणि प्रत्येक विभाग सांभाळणाऱ्यानं आपापल्या मतीनं ते रंगवले होते. कुणाचे ठिपके लांब, कुणाची चौकट फाटलेली, कुणाचा हिरवा डोळ्यात खुपणारा. एकेक पान हातानं दुरुस्त करायचं म्हणजे सुट्टीचा दिवस जायचा. दाणी सर वैतागले होते. मी त्यांना म्हटलं, म्हणजे लिहिलं, की सगळी पानं एका झटक्यात सरळ करणारं काहीतरी मी करून देतो.

ते मी केलं. विभागांची आणि ते सांभाळणाऱ्यांची नावं एका साध्या फाईलमध्ये लिहायची. दुसऱ्या छोट्या फाईलमध्ये एकच ओळ: नमुना. त्यात १ म्हणजे नावाचं पहिलं अक्षर, २ म्हणजे उरलेला शब्द. पहिलं अक्षर पिवळं हवं असेल तर १ च्या आधी पिवळ्याची खूण टाकायची, कंसात हवं असेल तर १ भोवती कंस टाकायचा. एंटर दाबलं की चाळीसच्या चाळीस पानं त्या नमुन्याप्रमाणे नव्यानं लिहिली जायची. नमुन्याची ओळ बदला, सगळा बोर्ड बदलेल. मला त्याचा फार अभिमान होता.

"रविवारी घरी ये," दाणी सरांनी लिहिलं होतं. "सगळ्यांना बोलावतोय. तुझाच कार्यक्रम."

मी तीन सबबी सांगितल्या. त्यांनी तिन्ही उडवून लावल्या. दादा म्हणाला, "जा रे. माणसं तुझी आहेत. बोट चालव, हास, वडे खा आणि ये."

तर असा मी तिथे बसलो होतो.

"अरे, निदान नाव तरी सांग," मागून कुणीतरी म्हणालं. "मी बोकील. रोज भांडतो आपण, आणि आज तू पाठ करून बसलायस."

लोक हसले. चांगलं हसले. मी खुर्ची वळवली. बोकील माझ्या कल्पनेपेक्षा जाडा आणि तरुण होता. त्यानं हात पुढे केला होता. मी हात हातात घेतला आणि म्हणालो, "प—"

ओठ मिटले ते उघडेनात. डोळे मिटले गेले. मान डावीकडे गेली, परत आली, परत गेली. बोकीलचा हात माझ्या हातात तसाच होता. तो त्याला सोडवूनही घेता येईना. कितीतरी वेळानं शब्द सुटला तो फुटल्यासारखा सुटला, आणि थोडी थुंकी त्याच्या मनगटावर उडाली.

बशीत चमचा वाजला.

मी डोळे उघडले तेव्हा आतल्या खोलीच्या दारात एक मुलगी उभी होती. सहासात वर्षांची, एक वेणी सुटलेली. दाणी सरांची मुलगी गौतमी. फोटोतून मला ती माहीत होती, शोकेसमध्ये होता तो. ती माणसांच्या पायांमधून वाट काढत माझ्या अगदी जवळ आली आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिली. ती हसत होती. टिंगलीचं हसू मला लांबून ओळखू येतं. ते तसं नव्हतं. कुणीतरी ओळखीचं भेटावं तशी ती हसत होती.

दाणी वहिनी घाईघाईनं बाहेर आल्या, त्यांनी तिच्या दंडाला धरलं आणि तिला आत नेलं. दार लागलं. ती आतून दार वाजवत होती, ते थोडा वेळ ऐकू आलं, मग थांबलं.

दाणी सर त्या बंद दाराकडे बघत होते. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं ते आता विषय बदलतील. यजमान माणूस तेच करील.

"फोनवर तुझा आवाज वेगळा होता," ते म्हणाले.

मी मान हलवली.

"बरं. ते राहू दे. तू असं कर, हे पान वाचून दाखव. मोठ्यानं. घाई नाही, तुला हवा तेवढा वेळ घे."

"रत्नाकर, जाऊ द्या ना," एक चष्मेवाले वयस्क गृहस्थ म्हणाले.

"का? त्यानंच केलंय ते. वाच पुष्कर."

मी वाचलं. का वाचलं, हे मला कितीदा तरी लोकांनी विचारलंय. उठून जाता आलं असतं. पण उठून जायचं तर काहीतरी बोलावं लागतं, आणि वाचायला शब्द निदान समोर होते. गप्पा गेलं, दोनदा अडून गेलं. बुद्धिबळाशी मी थांबलो. ब नुसता ओठांवर आपटत राहिला. बोकील पहिला फुटला. त्यानं तोंडावर रुमाल धरला पण खांदे हलत होते. मग दुसरा एक जण, मग तिसरा. चष्मेवाले गृहस्थ सतरंजीकडे बघत होते.

दाणी सर हसत नव्हते. ते माझ्या तोंडाकडे एकटक बघत होते. मुलीनं बघितलं होतं तिथेच, पण त्यांच्या नजरेत किळस होती.

"परत," ते म्हणाले. "पहिल्यापासून."

मी उठलो. फ्लॉपी मशीनमध्येच राहिली. चपला घालताना मला वहिनींचा आवाज ऐकू आला, आतून, दबका. "रडू नकोस. रडू नकोस ना गं."

दोन दिवस मी बोर्डावर गेलो नाही. तिसऱ्या दिवशी राहवेना. संध्याकाळी कचेरीतून आलो, फोन लावला. शिट्ट्या झाल्या, पान आलं. मला वाटलं लाईन खराब आहे.

ग-ग-गप्पा. ब-ब-बुद्धिबळ. ख-ख-खरेदीविक्री. प-प-प्रोग्राम, आणि त्याच्यापुढे विभाग सांभाळणाऱ्याचं नाव: प-प-पुष्कर.

चौकट नीट होती. ओळी सरळ होत्या. पिवळी अक्षरं एकाखाली एक, तीन उभ्या रांगांत, कुठेही तसूभर इकडेतिकडे नाही. मी आतल्या पानांवर गेलो. सगळीकडे तेच. मला एकेक पान उघडायची गरज नव्हती, ते कसं झालं असेल हे माझ्याएवढं कुणाला ठाऊक असणार? पण मी चाळीसही पानं उघडून बघितली.

गप्पांमध्ये लोकांना मजा आली होती. कुणी लिहिलं होतं, "स-स-सर, झ-झ-झकास!" बोकीलच्या नावाचंही ब-ब-बोकील झालं होतं. त्यावर त्यानं स्वतःच विनोद केला होता. त्याला परवडत होतं.

पडद्याचा खालचा भाग मोकळा झाला.

"आलास," दाणी सरांची अक्षरं उमटली.

मी लिहिलं, "हे का केलंत?"

"मी काय केलं? प्रोग्राम तुझा. मी नमुन्याची एक ओळ बदलली."

"काढून टाका."

"तू मला फसवलंस. फोनवर दुसरं कुणीतरी बोलत होतं. इतके महिने मी कुणाशी बोलत होतो?"

"माझ्याशीच. काढून टाका सर."

"इथे लिहिताना अडत नाहीस. तिथे का अडतोस? मनावर घेतलं तर जमेल. सवय आहे ती, घाणेरडी सवय. लागते आणि दुसऱ्यालाही लागते."

माझी बोटं पहिल्यांदाच थांबली. खाली त्यांचा कर्सर लुकलुकत होता. मग त्यांनी लिहिलं, "गरज आहे तोवर राहील ते. मग काढीन." आणि लाईन तोडली.

गरज हा शब्द मला तेव्हा नुसता उर्मट वाटला.

दादाला मी काही सांगणार नव्हतो. पण तो माझ्यामागे येऊन उभा होता, त्यानं पडदा बघितला. त्याचा चेहरा पांढरा पडला.

"पत्ता दे," तो म्हणाला. "मी जातो. दोन कानाखाली देतो आणि विचारतो, आता कुठलं अक्षर अडतंय ते."

मी मान हलवली. पाटीवर लिहितात तसं कागदावर लिहून दाखवायची मला घरात सवय होती, घाईचं असलं की. त्या दिवशी मी कागद घेतला नाही. "म-मी," मी म्हणालो. "मी ज-जाणार."

दादा थांबला. तो मला मध्येच शब्द पुरवायचा नाही, एवढं त्याचं होतं.

"आणि जाऊन काय करशील?"

"ब-बोलीन."

शनिवारी सकाळी मी लूनावरून निघालो. सांगायचं वाक्य एवढंच होतं: ती ओळ काढून टाका. लक्ष्मी रोडपासून पर्वतीपर्यंत मी ते हेल्मेटमध्ये म्हणत गेलो. सगळे पर्याय बघून ठेवले होते. 'ती' अडलं तर 'ओळ'वरून सुरुवात करायची, 'ओळ' अडलं तर 'सर'वरून.

तिसऱ्या मजल्यावर बेल वाजवायला हात उचलला आणि आतला आवाज ऐकला.

"परत. पहिल्यापासून."

मग बारीक आवाज. "ग-ग-गप्पा. ब-ब-ब-बु..."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मुलीलाही शिकवलंय, असं मला वाटलं. माझी नक्कल बसवून घेतायत. मी बेल दाबली आणि बोट तसंच ठेवलं.

वहिनींनी दार उघडलं. मला बघून त्या बाहेरच आल्या आणि दार मागे ओढून घेतलं. त्यांच्या हाताला कणीक लागली होती.

"तुम्ही कशाला आलात?" त्या कुजबुजल्या. "आत्ता नको. जा तुम्ही."

मी दाराकडे बोट दाखवलं. तोंडानं काही निघेना.

"ती नक्कल करत नाहीये हो," वहिनी म्हणाल्या. "तुम्हाला तसं वाटलं का? ती तशीच बोलते. दोन वर्षं झाली. शाळेत घातली आणि सुरू झालं. डॉक्टर म्हणाले, रागावू नका, टोकू नका, आपोआप कमी होईल. ह्यांना ते पटत नाही. पाहुणे आले की तिला आत ठेवतात. त्या दिवशी ती कशी बाहेर आली..." त्यांनी कणकेचा हात तोंडाशी नेला आणि परत खाली घेतला. "रडू थांबल्यावर इतकी खूश होती. 'आई, ते काका माझ्यासारखे आहेत. मोठे झाले तरी आहेत.' दिवसभर तेच. रात्री ह्यांनासुद्धा सांगायला गेली. तुमच्यासारखं कॉम्प्युटरचं करणार म्हणाली. तिनं कधी एवढं बोललेलं मी ऐकलं नव्हतं, अडत अडत, पण बोलतच सुटली. ह्यांना ते सहन झालं नाही."

आतून आवाज आला, "कोण आहे?"

"कुणी नाही," वहिनी ओरडल्या.

"रोज बसवतात तिला," त्या घाईनं म्हणाल्या. "शाळेच्या आधी आणि शाळेतून आल्यावर. ते पान उघडून. म्हणतात, बघ, तू बोलतेस ते लिहिलं की असं दिसतं. चाळीस पानं. जे नीट म्हणशील ते पान सुटलं. एकही सुटलं नाहीये अजून."

दार उघडलं. दाणी सर उभे होते, लुंगी आणि बनियन. ते रागावतील असं मला वाटलं होतं. ते बाजूला झाले.

"ये," ते म्हणाले. "बरा आलास. आत ये."

गौतमी उंच खुर्चीवर बसली होती, पाय लोंबकळत. तिच्यासमोर पिवळ्या अक्षरांच्या तीन रांगा. तिनं वळून मला बघितलं आणि तिचा चेहरा उजळला. मग तिनं वडलांकडे बघितलं आणि तो विझला.

"गौतमी, इकडे बघ," दाणी सर म्हणाले. "हे काका काहीतरी सांगायला आलेत. बोल पुष्कर."

मी तिच्याकडे बघितलं. तेव्हाच निघून जायला हवं होतं, असं मला पुष्कळदा वाटलंय. आणि गेलो असतो तरी तिनं काय समजायचं होतं? की काका बोलू शकले नाहीत म्हणून पळाले?

"स—" मी म्हणालो.

अडलं. मी ओळवर उडी मारली, तेही अडलं. डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांत मला त्यांचा आवाज ऐकू येत होता. शांत, शाळेत विज्ञानाचा प्रयोग दाखवतात तसा.

"बघ. नीट बघ. तोंड कसं होतंय बघ. मान बघ. डोळे उघडे तरी आहेत का? असं दिसतं. तुला दिसत नाही, पण आम्हाला रोज असं दिसतं. मोठी झालीस की अशी दिसशील. आवडतं का?"

"अहो!" वहिनी म्हणाल्या.

"तू गप्प बस. आवडतं का, गौतमी? सांग. हे काका आवडतात तुला?"

माझं वाक्य सुटलं नाही. मी डोळे उघडले. गौतमी खुर्चीवरून खाली उतरली होती. ती माझ्यापासून दोन पावलांवर होती आणि तिच्या चेहऱ्यावर तीच किळस होती, रविवारी मी तिच्या वडलांच्या चेहऱ्यावर बघितली होती ती. एवढ्याशा चेहऱ्याला ती मोठी होत होती.

"नाही आवडत," ती म्हणाली. "मला हे तोतरे काका अजिबात नाही आवडत. त्यांना सांगा आमच्या घरी येऊ नका."

एकही अक्षर अडलं नाही.

मग दाणी सर एकदम गुडघ्यांवर बसले. त्यांनी तिला ओढून छातीशी धरलं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, लपवायचंही त्यांना सुचत नव्हतं.

"ऐकलंस?" ते वहिनींना म्हणाले. "ऐकलंस ना? एकदाही नाही! तीन वाक्यं बोलली, एकदाही नाही!" तिच्या केसांवरून, गालांवरून ते हात फिरवत होते. मग उठले, कॉम्प्युटरपाशी गेले आणि उभ्याउभ्याच त्यांनी नमुन्याची ओळ बदलली. एंटर दाबलं. पान पूर्वीसारखं झालं. गप्पा, बुद्धिबळ, खरेदीविक्री.

"झालं," ते माझ्याकडे वळून म्हणाले. त्यांचा आवाज मायेचा होता. "काढली. त्याचसाठी आला होतास ना? काम झालं. मी तुझे उपकार विसरणार नाही पुष्कर."

खरं सांगतो, मलाही आनंद झाला होता. ती तीन वाक्यं घडघड बोलली म्हणून. असं बोलता आलं की घशात काय वाटतं ते मी स्वप्नातच अनुभवलं होतं, आणि त्या पोरीला ते जागेपणी मिळालं होतं. तिला शाबास म्हणावं असं मला वाटलं. शब्द निघाला नाही. मी मान हलवली आणि बाहेर पडलो. वहिनींनी दार लावून घेतलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

मी एक जिना उतरलो असेन.

"आता परत म्हण," दाणी सरांचा आवाज आला. हसरा, उतावळा. "आईला म्हणून दाखव. मला हे तोतरे काका."

मी पायरीवर थांबलो.

"म्हण ना राजा. आत्ता म्हणालीस तसं."

"म-म..." ती म्हणाली. "म-म-म-म..."

"नाही. नीट. आत्ता आलं होतं."

"म-मला ह-ह-ह..."

फाटकन आवाज झाला. टेबलावर हात आपटला की आणखी कशावर, ते मला कळलं नाही. वहिनींची किंकाळी आली, आणि मग कसलाच आवाज नाही.

मी परत वर गेलो. बेल वाजवली. कुणी उघडलं नाही. दारावर थापा मारल्या. आतून कडी घातल्याचा आवाज आला.

मग मी बोललो. बंद दारासमोर उभा राहून, माझ्यानं निघेल तेवढ्या मोठ्या आवाजात. "ग-ग-गौतमी," मी म्हणालो. "म-मी प-प-पुष्कर." कुठलाही शब्द बदलला नाही, कुठलंही अक्षर चुकवलं नाही. जिथे अडलं तिथे थांबलो आणि सुटेपर्यंत उभा राहिलो. मी तिला सांगितलं की मी नोकरी करतो. मला मित्र आहेत. तू म्हणालीस त्याचा मला राग नाही. मी अडतो आणि तरी बोलतो, तूही बोल, कितीही वेळ लागू दे.

शेजारचं दार उघडलं. एक बाई हातात निवडायचं ताट घेऊन बाहेर आल्या. "काय झालं? कोण पाहिजे तुम्हाला?" खालच्या मजल्यावरून दोन माणसं मान वर करून बघायला लागली. जन्मात कधी इतक्या लोकांसमोर मी इतका वेळ बोललो नव्हतो. कुणीतरी हसलं. मी बोलत राहिलो.

आतमध्ये टीव्ही सुरू झाला. आधी हळू, मग मोठ्यानं, मग आणखी मोठ्यानं, इतका की शेजारच्या बाईंनी कानावर हात ठेवला. एका मालिकेचं गाणं लागलं होतं. त्यावरूनही मी ओरडून बघितलं.

मग वॉचमन आला.

पिंपळपारला मी पुन्हा कधी फोन लावला नाही. पुढे इंटरनेट आलं आणि असले सगळेच बोर्ड एकामागून एक बंद पडले. दाणी मंडळी फ्लॅट विकून बडोद्याला गेली, एवढं बोकीलकडून कळलं. तो एकदा रस्त्यात भेटला होता, माफी मागायला थांबला होता. मी त्याला गौतमीचं विचारलं. तिच्याबद्दल त्याला काही माहीत नव्हतं. दाणींना मुलगी होती, हेच त्याला आठवत नव्हतं.

त्या दारामागे तिला मी ऐकू गेलो की नाही, हे मला कधीच कळलं नाही.